काळ्या दगडाची साक्ष आणि डायनोसॉरचा डांगोरा

धुळ्याहून साक्रीकडे किंवा दोंडाईच्यामार्गे नंदुरबारकडे निघालं, की शेतांच्या पलीकडे अरुंद, काळ्या टेकड्यांच्या लांबच लांब रांगा दिसू लागतात. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. आजूबाजूचा मऊ, कुजका मुरूम पावसानं वाहून गेला आणि हा कठीण दगड उभा राहिला. जवळ जाऊन पाहिलं तर एखाद्या रांगेच्या कडेला दगडाचे बहुकोनी खांब आडवे पडलेले दिसतात, जळाऊ लाकडाची मोळी रचून ठेवावी तसे. जमिनीच्या भेगेत वर चढणारा लाव्हा दोन्ही भिंतींकडून थंड होत गेला, म्हणून हे खांब आडवे. भूशास्त्रात अशा उभ्या पाषाणपट्टीला भित्ती म्हणतात.

आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी रंजिनी रे व ज्योतिर्मय मलिक यांनी या भित्तींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. नंदुरबार-धुळे परिसरातल्या १४,५०० चौरस किलोमीटरमध्ये एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० भित्ती त्यात नोंदल्या आहेत. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची आहे. जाडी कुठे ३ मीटर, तर कुठे ६२ मीटर. यातल्या मोठ्या भित्तींमधून हजार घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त लाव्हा अवघ्या काही वर्षांत बाहेर पडला असू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. पृथ्वीच्या इतिहासातल्या एका प्रचंड उलथापालथीची ही चूल खानदेशात होती. पण त्या निबंधाच्या शीर्षकात डायनोसॉर हा शब्द नाही, म्हणून जळगाव-धुळ्यातल्या बहुतेक वाचकांपर्यंत तो पोचलाच नाही.

डायनोसॉर हा शब्द असता तर? गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहिला तर या प्रश्नाचं उत्तर फारसं अवघड नाही. या एका शब्दाभोवती जगभर एक व्यवहार उभा राहिला आहे. त्यात संशोधक आहेत, विद्यापीठं, संग्रहालयं आणि मासिकं आहेत, चित्रपटवाले आहेत आणि अनुदान देणाऱ्या संस्थाही. हाड सापडलं की आधी दवंडी पिटायची आणि पुरावा सावकाश मांडायचा, ही रीत त्या व्यवहारात रुजली. गंमत म्हणजे जळगाव-धुळ्याच्या मातीत डायनोसॉरचं हाड मिळण्याची आशा जवळजवळ नाही. इथे वर दिसतो तो एकतर लाव्हा, नाहीतर तापी, गिरणा आणि पांझरेचा गाळ. लाव्हात हाडं टिकत नाहीत आणि नदीचा गाळ डायनोसॉर संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी साचलेला. तरीही डायनोसॉर कशानं संपले या वादात खानदेशचा काळा दगड मुख्य साक्षीदारांपैकी एक आहे, आणि साक्षीदाराला बोलू न देताच निकालाची दवंडी पिटली गेल्याचे प्रसंग त्या वादात पुन्हा पुन्हा घडले.

दवंडीची ही रीत अमेरिकेतून आली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पृथ्वीवरचा सर्वांत महाकाय प्राणी पश्चिमेकडे सापडल्याची बातमी ठळक मथळ्यासह छापून आली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीनं ती वाचली आणि पिट्सबर्गच्या आपल्या संग्रहालयासाठी तो प्राणी मिळवायचा चंगच बांधला. पैसा ओतला, माणसं वायोमिंगला धाडली. १८९९ मध्ये त्यांना एक सांगाडा मिळाला आणि त्याला नाव पडलं डिप्लोडोकस कार्नेगीआय. त्याची प्लास्टरची प्रतिकृती १९०५ साली लंडनला समारंभानं बसवली गेली, पुढे युरोपातल्या इतर राजधान्यांतही. हे हाड खरं होतं, अभ्यासही खरा होता. पण मथळा, देणगीदार आणि देणगीदाराच्या नावाचा प्राणी ही साखळी तेव्हा जी जुळली, ती आजवर तुटलेली नाही.

भारतातली सुरुवात मात्र शांत होती. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा विल्यम स्लीमन यानं १८२८ मध्ये जबलपूरजवळच्या बारा सिमला टेकडीवर काही हाडं उचलली. आशियातले डायनोसॉरचे हे पहिले अवशेष. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरनं त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं भारदस्त नाव दिलं, आधार शेपटीच्या दोन मणक्यांचा आणि एका अर्धवट मांडीच्या हाडाचा. त्याच टेकडीवर चार्ल्स मॅटलीनं पुढे खोदकाम केलं, आणि १९३३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूनंबरोबर त्यानं एकाच ग्रंथात नव्या नावांची रांग लावली. त्यातली कित्येक नावं एकेका मणक्यावर उभी होती. आज त्यांतली थोडीच टिकून आहेत. खुद्द टायटॅनोसॉरस हे नावही २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी आधार अपुरा म्हणून बाजूला ठेवलं. या जुन्या मंडळींना अनुदानाचा लोभ होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. त्या काळी अभ्यासाची पद्धतच तशी होती. पण नाव दिलं की शोध मोठा होतो, हा धडा पुढच्यांनी तिथूनच घेतला.

खरा डांगोरा सुरू झाला तो डायनोसॉर कसे संपले या प्रश्नावरून, आणि तिथेच खानदेशचा दगड गोष्टीत आला.

१९८० मध्ये लुईस अल्वारेझ, त्यांचा मुलगा वॉल्टर आणि दोन सहकारी यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका पातळ मातीच्या थरात इरिडियम हा धातू अवाजवी प्रमाणात सापडतो, म्हणजे अवकाशातून एक मोठा दगड पृथ्वीवर आदळला होता. कल्पना देखणी होती आणि तिला पुरावाही होता. पुढे १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलूबचं विवर त्या आघाताशी जोडलं गेलं. ते सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. त्याच वेळी दुसरा पक्ष म्हणत होता, दख्खनच्या ज्वालामुखीकडेही पाहा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकणारा हा लाव्हा साधारण त्याच काळातला आहे. फ्रान्सचे व्हिन्सेंट कूर्तियो आणि पुढे प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांनी ही बाजू लावून धरली.

दोन मतं असणं हे शास्त्राचं बळच आहे. बिघडलं ते वाद वर्तमानपत्रांतून लढला जाऊ लागला तेव्हा. नोबेल मिळवलेल्या लुईस अल्वारेझनी १९८८ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’कडे जाहीर शेरा मारला, की हे जीवाश्मवाले काही फार चांगले शास्त्रज्ञ नव्हेत, टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या जवळचे आहेत. २०१० मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये एकत्रित लेख लिहून चिक्शुलूबचा निर्वाळा दिला, आणि मथळे झळकले की वाद मिटला. तो मिटला नव्हता. केलर आणि इतरांची हरकत लगेच छापून आली, पण तिला मथळा मिळाला नाही.

२०१९ चा फेब्रुवारी महिना या बाबतीत फार बोलका आहे. ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. दोन्हींचे नमुने आपल्या सह्याद्रीतलेच. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटानं झिरकॉनच्या कणांवरून वय काढलं. त्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या लाटांत आला आणि त्यातली एक लाट आघाताच्या हजारो वर्षं आधी सुरू झालेली. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं आर्गॉन पद्धत वापरली. त्यांचं म्हणणं, जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतर बाहेर पडला. डोंगर तोच, अंक तोच, निष्कर्ष वेगळे. दोन्ही गटांनी आपापल्या मापनातल्या अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण विद्यापीठांच्या प्रसिद्धीपत्रकांतून बातमीत जाईपर्यंत त्या अनिश्चितता गळून पडल्या. कुणी वाचलं, की ज्वालामुखीनंच मारलं. कुणी वाचलं, की ज्वालामुखी निर्दोष सुटला.

पुढच्याच महिन्यात आणखी एक प्रकार घडला. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात टॅनिस नावाच्या जागी आघाताच्या दिवशीच मेलेले जीव सापडल्याची गोष्ट ‘न्यूयॉर्कर’ मासिकात २९ मार्च २०१९ ला सविस्तर आली. शोधनिबंध त्यानंतर आला. मासिकातल्या गोष्टीत डायनोसॉरच्या हाडांबद्दल आणि पिसांबद्दल जे जे होतं, त्यातलं बरंचसं निबंधात नव्हतंच. निबंधाचा मुख्य विषय होता मासे. जागा महत्त्वाची आहे, यावर आज फारसा वाद नाही. पण ज्याला तपासायचं आहे त्याच्या हाती पुरावा पडण्याआधी जगाला निकाल कळलेला होता.

या वादाची एक शाखा थेट मुंबईच्या समुद्रात पोचते. टेक्सास टेक विद्यापीठातले बंगाली शास्त्रज्ञ शंकर चटर्जी यांनी बॉम्बे हायच्या परिसरात समुद्राखाली एक प्रचंड आघात-विवर असल्याचा दावा केला आणि त्याला शिव विवर असं नाव दिलं. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या खोदाई-फलाटानं जिथे तेल शोधलं, तोच हा भाग. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्टलंडच्या परिषदेत त्यांनी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा आकडा मांडला आणि बातम्या जगभर गेल्या, की डायनोसॉरचा कर्दनकाळ भारताच्या किनाऱ्यावर सापडला. नाव शिवाचं, जागा मुंबईची, आकडा चिक्शुलूबच्या अडीच पटींहून मोठा. भारतीय वाचकाला यापेक्षा काय हवं? आघात-विवरांचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांनी मात्र हा दावा मान्य केला नाही. आघाताच्या खात्रीच्या खुणा, धक्क्यानं बदललेले क्वार्ट्‌झचे कण वगैरे, तिथे दाखवल्या गेल्या नाहीत, आणि समुद्रतळाची रचना भूखंड फाटण्याच्या प्रक्रियेनंही समजावता येते, असं त्यांचं म्हणणं. चटर्जींनी १९८६ मध्ये टेक्सासमधला प्रोटोअ‍ॅव्हिस हा सर्वांत जुना पक्षी म्हणून जाहीर केला, तेव्हाही घोषणा आधी आणि शास्त्रीय वर्णन पाच वर्षांनी, १९९१ मध्ये आलं होतं. ते हाड पक्ष्याचं आहे हे बहुतेकांना पटलेलं नाही.

चटर्जी कष्टाळू शास्त्रज्ञ आहेत आणि भारतातल्या ट्रायासिक काळच्या प्राण्यांवरचं त्यांचं जुनं काम भक्कम आहे. म्हणूनच ही उदाहरणं जास्त लागतात. उथळ माणसानं डांगोरा पिटला तर ते समजून घेता येतं. चांगल्या माणसालाही दवंडीवाचून पुढे जाणं कठीण व्हावं, यात दोष एका माणसाचा नाही.

राजासॉरसची गोष्ट मराठी वाचकाच्या जवळची आहे, कारण त्याचं नाव आज खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातल्या एका जलसफरीवर झळकतं आणि शाळांच्या सहली तिथे जातात. गुजरातेतल्या बालासिनोरजवळ रहियोली इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८०च्या दशकात खोदकाम केलं. त्यांनी नुसती हाडं गोळा केली नाहीत, तर कोणतं हाड कुठे आणि कसं पडलं होतं याचा नकाशा काढून ठेवला. कागदावर पेन्सिलीनं केलेलं, कुणी टाळ्या न वाजवलेलं काम. वीस वर्षांनी पॉल सेरेनो, जेफ्री विल्सन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना त्याच नकाशावरून विखुरलेल्या हाडांतला एक प्राणी जुळवता आला. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या पाठबळानं हे काम झालं आणि १३ ऑगस्ट २००३ ला राजासॉरस नर्मदेन्सिसची घोषणा झाली. घोषणेबरोबर पंचवीस-तीस फूट लांबीचा, शिंगवाला मांसभक्षक राजा सर्वत्र पोचला. २०१६ मध्ये त्याच कुळातल्या प्राण्यांची मापं नव्यानं काढली गेली, तेव्हा त्याची लांबी सुमारे ६.६ मीटर भरली, म्हणजे बावीस फुटांच्या आत. घटलेल्या राजाची बातमी झाली नाही. श्रीवास्तवांच्या नकाशाचीही नाही.

आकड्यांचा हा आजार अजून बरा झालेला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयआयटी रुरकीच्या देबजीत दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी कच्छच्या लिग्नाइट खाणीतल्या एका नामशेष सापाचं वर्णन छापलं. नाव वासुकी इंडिकस. पुरावा २७ मणक्यांचा, आणि लांबीचा अंदाज १०.९ ते १५.२ मीटर. अंदाजाची दोन टोकं लेखकांनीच स्पष्ट लिहिली होती. मथळ्यांत मात्र एकच टोक गेलं, पंधरा मीटर. शिवाय त्याची तुलना डायनोसॉरच्या राजाशी, टी. रेक्सशी झाली, कारण तशी केल्याशिवाय सापाला कुणी विचारत नाही असा संपादकांचा समज. तमिळनाडूच्या कल्लमेडूतला ब्रुहत्कायोसॉरस तर याहून अवघड जागचं दुखणं. १९८७ मध्ये वर्णन झालेल्या या प्राण्याला पुढे जगातला सर्वांत मोठा डायनोसॉर म्हणून मिरवलं गेलं. पण चिकणमातीतली ती हाडं पावसात फुटून भुगा झाली. आता तपासायला उरली आहेत चित्रं आणि काही जुने फोटो. वजनाचे अंदाज मात्र अजूनही वाढत्या टनांत छापले जातात.

हे सगळं का होतं? कारण खोदकामाला पैसा लागतो आणि हाडांच्या अभ्यासाला बाजारात मोल नाही. औषध, शेती किंवा तेलाचा शोध घेणाऱ्याला सांगता येतं, की यातून अमुक फायदा होईल. जीवाश्म शोधणाऱ्याकडे देण्यासारखं एकच असतं, लोकांचं कुतूहल. मग ते कुतूहल जितकं चेतवावं तितका पुढचा हप्ता सोपा. चित्रपटानं हे गणित आणखी पक्कं केलं. १० जून १९९३ च्या ‘नेचर’मध्ये लेबनॉनच्या अंबरात अडकलेल्या, बारा कोटींहून अधिक वर्षं जुन्या भुंग्याचा डीएनए मिळाल्याचा निबंध आला. ‘जुरासिक पार्क’ अमेरिकेत झळकला ११ जूनला. हा योगायोग होता की जुळवून आणलेली वेळ, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांनी अंबरातून तसा डीएनए काढायचा प्रयत्न केला तेव्हा हाती काही लागलं नाही. १९९४ मध्ये युटातल्या हाडातून मिळालेला ‘डायनोसॉरचा डीएनए’ तर वर्षभरात माणसाचा निघाला. त्याच वर्षी चित्रपट हिंदीत आला आणि खानदेशातल्या पोरांना पहिल्यांदा डायनोसॉर दिसला. त्या पोरांच्या डोक्यात डीएनएची गोष्ट आजही पक्की आहे. तिची दुरुस्ती त्यांच्यापर्यंत कुणी नेली नाही.

दोष नुसता बातमीदारांवर ढकलणंही बरोबर नाही. ब्रिटिश विद्यापीठांच्या आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रकांची तपासणी २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. बातम्यांतली अतिशयोक्ती पुष्कळदा प्रसिद्धीपत्रकातच सापडली. सुमारे ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधात नसलेला, वाढवलेला सल्ला होता. विषय आरोग्याचा असला तरी यंत्र तेच आहे. वार्ताहराच्या टेबलावर जे पत्रक येतं, ते संशोधकानं वाचून मान्य केलेलं असतं. त्यामुळे संशोधकालाही हात झटकता येत नाहीत.

धुळ्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. गावोगावची दप्तरं धुंडाळून, भिजलेले, कुरतडलेले कागद गोळा करून बावीस खंडांत इतिहासाची साधनं छापणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच गावात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. राजवाड्यांचे कित्येक निष्कर्ष पुढे मोडले. पण त्यांनी कागद आधी लोकांसमोर ठेवले होते, म्हणूनच ते मोडता आले. इतिहासात जे कागदाचं, तेच इथे हाडाचं.

ज्यांनी पुरावा आधी ठेवला अशांची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत, आणि ती कुठल्याही राजासॉरसपेक्षा कमी थरारक नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शिवारात डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. लखनौच्या वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते गोळे विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण निघाले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर समज असा, की गवत डायनोसॉर संपल्यानंतर पसरलं. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये हा निबंध ‘सायन्स’नं छापला. पाठ्यपुस्तकातलं एक चित्र वाळलेल्या शेणानं बदललं.

दुसरं उदाहरण नागपूरच्या धनंजय मोहबे यांचं. गुजरातेतल्या धोली डुंगरी इथे त्यांना डायनोसॉरच्या अंड्यांजवळ लहान हाडं मिळाली. १९८७ मध्ये त्यांनी ती पिल्लाची म्हणून छापली. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला तेव्हा त्यात सापाचे मणके दिसले. मोहबेंनी आपलं जुनं वाचन उराशी कवटाळलं नाही. दोघांनी मिळून दगड पुन्हा साफ करून घेतला, आणि २०१० मध्ये सानाजेह इंडिकस जगासमोर आला. घरट्यात पिल्लावर टपलेला, साडेतीन मीटरचा साप. शोध आणि त्याचा अर्थ यांच्यात वीसहून जास्त वर्षं गेली. आजच्या अनुदानाच्या घड्याळात तीन वर्षांचा प्रकल्प असतो आणि दर वर्षी अहवाल द्यावा लागतो. त्या घड्याळात असं काम बसत नाही.

उलट, घाई कुठे नेते ते भीमबेटक्यानं दाखवलं. तिथल्या एका गुहेच्या छतावर ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा ठसा मिळाल्याचं २०२१ च्या फेब्रुवारीत गाजलं. जगातल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक, आणि तोही पर्यटकांच्या डोक्यावर! दोन वर्षांनी जोसेफ मीर्ट यांचा गट जाऊन पाहतो, तर तो आकार सुटत चाललेला, कडेनं उचललेला. आग्या मोहोळाच्या पोळ्याचा सुकलेला अवशेष होता तो. सातपुड्यात मध काढणाऱ्या कुणाही पावऱ्याला किंवा भिल्लाला विचारलं असतं तर त्यानं मान वर करून सांगितलं असतं. मूळ दाव्याच्या लेखकांनी मात्र चूक मोकळेपणानं मान्य केली, आणि ते त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं.

स्थानिक माणसाला या सगळ्यात कुठे बसवतात, हेही पाहण्यासारखं आहे. शिरपूर सोडून बिजासनचा घाट चढला की सेंधवा, पुढे बडवानी, आणि नर्मदा ओलांडली की धार जिल्ह्यातलं बाग-कुक्षी. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या गुंटुपल्ली प्रसाद यांच्या गटानं याच टापूतल्या ९२ घरट्यांचं आणि २५६ अंड्यांचं सविस्तर वर्णन छापलं. घरटी किती जवळजवळ होती, अंडी कशी पुरलेली, कवचाचे प्रकार किती, असं बारकाईचं काम. पण त्या वर्षी सगळ्यात गाजलेली बातमी दुसरीच होती. डिसेंबरमध्ये पाडल्या गावची माणसं जे गोल दगड काकड भैरव म्हणून शेताच्या राखणीसाठी पुजत होती, ते डायनोसॉरची अंडी निघाले. बातमी खरी होती. तिचा सूर मात्र आदिवासींच्या भोळेपणावर हसण्याचा होता. खरं तर ज्यांनी हे दगड इतर दगडांपासून वेगळे ओळखले, नांगराखाली फुटू दिले नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या जागेवर सांभाळले, त्यांचे या शास्त्रावर उपकार आहेत. रहियोलीत शिकल्या-सवरलेल्या माणसांनी अंडी पिशवीत घालून नेली. डांगोऱ्याचा सर्वांत वाईट परिणाम हाच. बातमी आली की गावात गाड्या येतात, आणि गाड्या गेल्या की दगड कमी झालेले असतात.

दगडांचा बाजार खानदेशाला नवा नाही. सावदा, जामनेर परिसरातल्या खाणींत लाव्हाच्या पोकळ्यांत बनलेले झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे गेलेले आहेत, चिठ्ठीवर जळगावचं नाव लावून. अमेरिकेतल्या टूसॉनच्या वार्षिक जत्रेत भारतीय स्फटिक विकले जातात आणि जीवाश्मही. १९९९ मध्ये याच जत्रेत चीनचा एक जीवाश्म ८० हजार डॉलरला विकला गेला. नोव्हेंबरमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं तो आर्किओरॅप्टर म्हणून, डायनोसॉर आणि पक्षी यांच्यामधला दुवा म्हणून छापला. शास्त्रीय नियतकालिकांनी त्यावरचा निबंध आधीच नाकारला होता. महिनाभरात चीनच्या शू शिंग यांनी दाखवून दिलं, की एका प्राण्याच्या धडाला दुसऱ्याची शेपटी डकवलेली आहे. तुकडे जोडणाऱ्याला फक्त किंमत वाढवायची होती. बाकीचं काम दवंडीच्या घाईनं केलं. भारतात अशा वस्तूंसाठी आजही स्वतंत्र कायदा नाही. खाण मंत्रालयानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये भू-वारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, पण सगळे अधिकार एकाच सरकारी संस्थेकडे जातील या धास्तीनं अनेक संशोधकांनी त्यावर हरकत घेतली.

आणि खानदेशचं स्वतःचं अंडं? ते आहे, फक्त डायनोसॉरचं नाही. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे लोकांना ठाऊक आहे ते पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांच्या नातवाच्या शिलालेखामुळे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. जुन्या अश्मयुगाच्या अखेरच्या थरात त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यापासून बनवलेले मणीही. एका तुकड्यावर समांतर रेषांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा कोरलेल्या आहेत. कवचाचं कार्बन-१४ वय सुमारे २५ हजार वर्षं आलं. साळींनी लगेच डंका वाजवला नाही. पूर्ण ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९८९ मध्ये काढला.

त्यानंतर राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात अशा ‘नक्षीदार’ कवचांची नोंद वाढत गेली. भारतीय कलेची पहाट वगैरे शब्द वापरले गेले. ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट बेडनारिक यांनी ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बहुतेकांवरच्या रेषा माणसाच्या नव्हत्या. जमिनीत कवचाला चिकटलेल्या मुळांच्या आम्लानं त्या कोरल्या होत्या. पाटण्याचा तुकडा मात्र त्या तपासणीत टिकला. त्यावरची नक्षी माणसाच्या हातचीच ठरली. भारतात शहामृग खरंच होता का, या शंकेचं उत्तर २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या गटानं राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांतून डीएनए काढून दिलं, आणि ते आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळलं.

सुमारे दोन मिलिमीटर जाडीचं कवच, गारगोटीच्या धारेनं ओढलेल्या रेषा, आणि गिरणेच्या खोऱ्यात त्या काळी शहामृगाला पळता येईल इतकं मोकळं गवताळ रान. जळगाव जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली पाटणादेवीला जातातच. तिथून त्या उत्खननाची जागा लांब नाही, आणि साळींचा ग्रंथ ग्रंथालयातून मागवता येतो.